हिमवादळ बघायला नाशिकहून निघताना

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात 'निफाड गारठले' असा मथळा येतो. त्या पहाटे माझा चुलतभाऊ चार वाजता उठून द्राक्षबागेत ड्रिप सोडतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. मणी तडकू नयेत, फुगवण थांबू नये म्हणून ही धडपड. ही थंडी बहुतेक वेळा एका ठरलेल्या वाटेनं येते. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेला पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतो, त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे गार वारे मोकळे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत आपल्या जिल्ह्यात येऊन धडकतात.

म्हणजे भावाला ज्याची धास्ती वाटते, त्याचाच पहिला अंक बघायला मी काश्मीरला जातो. तो म्हणतो, "लोक गारठ्यापासून पळतात, तू तिकीट काढून त्याच्याकडं जातो." बरोबर आहे त्याचं. पण एकदा तरी भरगच्च हिमवादळ आतून बघावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय.

माझी पहिली खेप साफ फसली होती. टूरवाल्याच्या ठरलेल्या तारखा, मनालीत चार रात्री. तीन दिवस कोरडं ऊन. चौथ्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झाला तेव्हा आम्ही सोलंगच्या वरच्या रस्त्यावर टॅक्सीत होतो आणि पुढचे सात तास तिथेच होतो. हिमवादळ बघितलं ते पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांपुरतं. तेव्हापासून एक नियम पाळतो: वादळाच्या आधी पोहोचायचं, वादळ चालू असताना हलायचं नाही आणि वादळानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवायचे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमासाठी आहेत.

१. काय बघायला जातोय ते आधी ठरवा

सिनेमात दिसतं तसं, सोसाट्याच्या वाऱ्यात समोरचा माणूस दिसेनासा होतो, त्याला अमेरिकेत ब्लिझार्ड म्हणतात. त्यांच्या हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे ताशी ५६ किलोमीटरच्या वर वारा आणि ४०० मीटरपेक्षा कमी दृश्यमानता सलग तीन तास टिकली तरच ते ब्लिझार्ड. आपल्याकडे हिमालयाच्या खोऱ्यांत वाऱ्यापेक्षा बर्फाचा मारा जास्त असतो. देवदारांच्या जंगलात तर बर्फ सरळ, शांत, तासन्‌तास पडत राहतो. उघड्या माथ्यांवर मात्र वारा वेडापिसा होतो. तिथे आपल्यासारख्यांचं काम नाही.

पश्चिमी झंझावात हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, पण सगळे दमदार नसतात. एखादा नुसता ढग दाखवून जातो, एखादा दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो. आपल्याला हवा असतो तो दुसरा.

२. जागा निवडताना उंची बघा, नाव नंतर

सिमला साधारण २,२०० मीटरवर, मनाली २,०५० मीटरच्या आसपास, पहलगामही जवळपास तेवढंच. या उंचीवर मोठी गडबड असते. तोच ढग एक अंशाच्या फरकानं पाऊस देतो किंवा बर्फ देतो. सिमल्यात जाऊन दोन दिवस बर्फाळ पावसात भिजून परत आलेली मंडळी आपल्या गल्लीतही सापडतील.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. श्रीनगर १,५८५ मीटरवर. मधला फरक हजार मीटरच्या थोडा वर. हवा दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे श्रीनगरला ३ अंश आणि रिमझिम पाऊस असेल, तेव्हा गुलमर्गला उणे ४ च्या आसपास असतं आणि तिथे बर्फच पडत असतो. हा हिशेब मी कागदावर करून बघतो आणि मगच जागा ठरवतो. जमिनीजवळचं तापमान एक-दोन अंशांच्या खाली असल्याशिवाय बर्फ टिकत नाही, एवढं लक्षात ठेवलं की कुठलंही गाव तुम्ही स्वतः तपासू शकता.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी गुलमर्गच सांगेन. उंची पुरेशी, भोवती जंगल, मुक्कामाची हॉटेलं बर्फातच आणि श्रीनगर फक्त पन्नासेक किलोमीटरवर. सोनमर्गही २,७०० मीटरच्या आसपास आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथला बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यात पोहोचता येतं, पण ती दरी हिमस्खलनाची आहे. मोठ्या वादळात तिथे मुक्काम करायचा माझा सल्ला नाही. मनालीला जायचंच असेल तर गावात राहा आणि अटल बोगद्याचा मोह वादळाच्या दिवशी सोडा. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला हा नऊ किलोमीटरचा बोगदा ३,१०० मीटरवर आहे. आतला रस्ता कोरडा असतो, अडकायला होतं ते त्याच्या तोंडापर्यंतच्या चढावर. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकून पडल्या होत्या.

एक आणखी. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली काही पर्यटनस्थळं बंद केली होती, मग टप्प्याटप्प्यानं उघडत गेली. जागा नक्की करण्याआधी ती उघडी आहे का, हे तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारा.

३. तारीख ठरवू नका, पंधरवडा ठरवा

आपल्याला सुट्टी टाकायची सवय तारखेनं. २५ ते ३०, लग्नाचा वाढदिवस, मुलांची नाताळची सुट्टी. झंझावाताला यातलं काही ठाऊक नसतं.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्ले कलां', मग वीस दिवस 'चिल्ले खुर्द' आणि दहा दिवस 'चिल्ले बच्चा', अशी थंडीची उतरंड मानतात. कागदावर चिल्ले कलां सगळ्यात कडक, म्हणून लोक जानेवारीच्या सुरुवातीला धाव घेतात. पण २०२४ चा जानेवारी आठवा: गुलमर्गचे उतार महिनाभर तपकिरी गवताचे होते, बर्फ उतरायला महिनाअखेर उजाडली. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फच नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभाळ निरभ्र असलं की थंडी कडाक्याची पडते, पण बर्फ पडायला ढगच लागतो.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा एखादा पंधरवडा धरा. त्यात सात-आठ दिवस सलग मिळतील अशी ऑफिसात बोलणी करून ठेवा आणि नक्की कुठले ते शेवटच्या आठवड्यात सांगतो म्हणा. साहेब कुरकुरेल. ज्यांना हे जमणारच नाही, त्यांनी बर्फ बघायला जावं, वादळाची आशा धरू नये.

४. अंदाज कसा वाचायचा

इथे थोडं जास्त थांबतो, कारण सहल जमते किंवा फसते ती इथे.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातून फक्त एवढंच कळतं की पश्चिम हिमालयात सरासरीपेक्षा ओलं राहणार की कोरडं. तिकीट काढायला तो पुरेसा नाही, पण कुठला पंधरवडा धरायचा याला हातभार लावतो.

दहा दिवस आधी विंडीसारख्या ॲपवर युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन्ही मॉडेलं, म्हणजे संगणकानं मांडलेले अंदाज, उघडा. एकात बर्फ आणि दुसऱ्यात ऊन असेल तर गप्प बसा. दोन्हींत एकाच तारखेच्या आसपास ढग दिसायला लागला की बॅग बाहेर काढा. भरू नका, नुसती काढा.

पाच-सहा दिवस आधी श्रीनगर किंवा सिमल्याच्या हवामान केंद्राच्या सूचनांमध्ये झंझावाताचा उल्लेख यायला लागतो. 'मध्यम ते जोरदार बर्फवृष्टी' असे शब्द आले आणि मॉडेलंही जुळत असली की तिकीट काढायची हीच वेळ. उशिरा काढल्यानं तिकीट महाग पडतं, ते सहलीच्या खर्चात धरूनच चाला.

तीन दिवस आधी इशाऱ्याचा रंग बघा. पिवळा, नारंगी, लाल ही भाषा आपल्याला पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो तेव्हापासून पाठ आहे. तिथेही अर्थ तोच. पिवळ्यात जा. नारंगी असेल तर वादळाच्या किमान एक पूर्ण दिवस आधी खोलीत पोहोचणार असाल तरच जा. लाल इशारा आला तर सहल पुढे ढकला. तो 'मोठा बर्फ पडणार, मजा येणार' असा निरोप नसतो. रस्ते, वीज, दवाखाना सगळं बंद पडू शकतं असा त्याचा अर्थ.

मॉडेलवर पाऊस मिलिमीटरमध्ये दिसतो. बर्फ किती, हे काढायला सोपा आडाखा: एक मिलिमीटर पाण्याचा साधारण एक सेंटीमीटर बर्फ होतो. थंडी जास्त असली की बर्फ भुसभुशीत पडतो आणि थर आणखी जाड दिसतो. ४० मिलिमीटर दाखवत असेल तर गुडघ्याएवढा बर्फ धरा. शंभराच्या पुढे आकडा गेला की आमच्यासारख्या हौशी माणसानं घरी बसून मिसळ खावी.

५. नाशिकहून पोहोचणं

ओझरहून दिल्लीचं विमान आहे, तिथून श्रीनगर. सोयीचं, पण यात दोन खड्डे आहेत. पहिला दिल्लीचं धुकं. डिसेंबर-जानेवारीत सकाळची विमानं तासन्‌तास लटकतात, त्यामुळे दिल्लीहून पुढचं विमान दुपारचं घ्या. दुसरा खड्डा वेगवेगळ्या तिकिटांचा. ओझर ते दिल्ली एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं काढलंत, आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही. शक्यतो पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर ठेवा. हवामानामुळे विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा पुढच्या विमानात जागा मिळते, पण त्यावर वेगळी भरपाई मिळत नाही. हॉटेलचा वाढीव मुक्काम तुमच्याच खिशातून.

रेल्वेनं जायचं तर नाशिकरोडहून दिल्लीला राजधानी, पंजाब मेल, मंगला असे पर्याय आहेत. थेट जम्मूसाठी मनमाडहून झेलम एक्स्प्रेस मिळते. पूर्वी जम्मूच्या पुढे खरी कसोटी असायची. रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरडी कोसळायच्या आणि महामार्ग दिवसेंदिवस बंद राहायचा. अजूनही राहतो. जून २०२५ पासून मात्र कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. चिनाबच्या ३५९ मीटर उंच पुलावरून ती साधारण तीन तासांत खोऱ्यात उतरते. बर्फात विमानं बंद असली तरी ही गाडी चालू असण्याची शक्यता जास्त. म्हणून परतीचा दुसरा मार्ग म्हणून ती डोक्यात ठेवाच.

स्वतःची गाडी नेऊ का, असं मला दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतं. नेऊ नका. दोन हजारांच्या आसपास किलोमीटर चालवून गेल्यावर तुमच्या गाडीला ना बर्फाचे टायर, ना साखळ्या लावायची सवय. आपल्याकडे भरलेलं साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं, ते वेगळंच.

वेळेचा हिशेब असा मांडा: झंझावात बुधवारी रात्री येणार असेल तर सोमवारी श्रीनगर, मंगळवारी दुपारच्या आत गुलमर्ग. तंगमर्ग ते गुलमर्ग हे शेवटचे तेरा किलोमीटर घाटाचे आहेत. बर्फ पडायला लागला की तिथे फक्त साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात, आणि खालून आणलेली टॅक्सी तंगमर्गलाच थांबते. अंधार पडल्यावर हा घाट चढू नका, ड्रायव्हर कितीही "हो जाएगा साहब" म्हणाला तरी.

आणखी एक बारीक गोष्ट, जिला सगळे चुकतात: आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

६. खोली बुक करण्यापूर्वी फोन करा

ॲपवरचे फोटो उन्हाळ्याचे असतात. फोन लावून सरळ विचारा. खोली गरम कशानं होते? विजेच्या हीटरनं होत असेल तर जनरेटर रात्रभर चालतो का? नळ गोठले तर पाणी कसं देता? स्वयंपाकघर वादळातही चालू असतं का? मुख्य रस्त्यापासून किती पायऱ्या? घरात साठी ओलांडलेलं कोणी असेल तर हा शेवटचा प्रश्न पहिला विचारा. गोठलेल्या पायऱ्या सगळ्यांत वाईट.

बहुतेक जुन्या हॉटेलांत बुखारी असते, म्हणजे लाकडावर किंवा कोळशावर चालणारी पत्र्याची शेगडी, धूर नळीनं बाहेर जाणारी. नळी नीट बसलेली आहे ना, हे दिवसाउजेडी बघून घ्या. झोपताना खिडकीची एक फट उघडी ठेवा, हे कितीही वेड्यासारखं वाटलं तरी. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपल्यानं कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मरतात. या वायूला वास नसतो. त्यानं डोकं दुखतं, चक्कर येते, आणि झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. विजेचं ब्लँकेट मिळत असेल तर ते मागून घ्या आणि बुखारी विझवून झोपा.

भाडं परत मिळण्याची अटही आत्ताच बोलून घ्या. तुम्ही वादळामुळे जास्त राहिलात तर जादा रात्रीचा दर काय, हेसुद्धा.

७. बॅगेत काय

नाशिकमध्ये शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये चांगले स्वेटर मिळतात, पण बर्फासाठी नुसता जाड स्वेटर कामाचा नाही. तीन थर लागतात. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सगळ्यात वर पाणी आत न सोडणारं जाकीट. सुती कपडा घाम धरतो, ओला होतो आणि मग अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून सुती बनियन नको आणि जीन्स तर अजिबात नको. ओली जीन्स उणे तापमानात पत्र्यासारखी ताठ होते. मी स्वतः ती उभी करून ठेवलेली आहे, खोलीच्या कोपऱ्यात, माणसासारखी.

गमबूट आणि ओव्हरकोट तंगमर्गला भाड्यानं मिळतात. बूट घेताना आत हात घालून बघा, ओले असतील तर दुसरे मागा. मोजे लोकरीचे, चार जोड, आणि हातमोजे दोन जोड, कारण पहिला जोड पहिल्या तासात भिजणार. गॉगल विसरू नका. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि वादळानंतरच्या लख्ख दिवशी उघड्या डोळ्यांनी फिरलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. सनस्क्रीनही लागते, बायकामाणसांपुरती ठेवू नका.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. औषधं पाच दिवस जास्तीची. खायला चिवडा, लाडू, खजूर असं काहीतरी, कारण वादळात दुकानं बंद असतात. आमच्याकडे चिवड्याच्या दोन पिशव्या जातातच. एक आमच्यासाठी, दुसरी हॉटेलच्या पोरांसाठी.

८. वादळाचे दिवस

आदल्या संध्याकाळी ढग येतात आणि गंमत म्हणजे थोडं उबदार वाटायला लागतं, कारण ढगांचं पांघरूण जमिनीची ऊब अडवतं. मग वारा पडतो. पहिले कण बारीक, रव्यासारखे, जाकिटावर टपटप आवाज करणारे. तासाभरात पाकळ्या मोठ्या होतात आणि आवाज बंद होतो. ताजा बर्फ आवाज शोषतो, त्यामुळे पन्नास पावलांवर बोलणारी माणसं दिसतात पण ऐकू येत नाहीत. हे बघायलाच एवढा आटापिटा.

या काळात बाहेर जा, पण हॉटेल दिसेल एवढ्याच अंतरात. दर अर्ध्या तासानं आत या, हात शेका, कहवा किंवा मिठाचा नून चहा घ्या. काश्मिरी माणूस फिरनच्या, म्हणजे लोकरी झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसलेला असेल, त्याला 'शीन मुबारक' म्हणा. शीन म्हणजे बर्फ. मांसाहारी असाल तर श्रीनगरला पहाटेचा हरिसा खा. रात्रभर शिजवून घोटलेलं मटण, हिवाळ्यातच मिळतं.

एक प्रयोग मुलांना नक्की करायला लावा. संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर पट्टी उभी रोवा आणि दर दोन तासांनी सेंटीमीटर लिहून काढा. मॉडेलनं सांगितलेला आकडा आणि पट्टीचा आकडा शेजारी ठेवला की अंदाज म्हणजे काय ते जन्मभर कळतं. आमच्या पट्टीला रात्री दोनपर्यंत २६ सेंटीमीटर झाले आणि मग ती दिसेनाशी झाली, कारण छपरावरून घसरलेला ढीग तिच्यावर पडला. तेव्हापासून छपराच्या कडेखाली उभं राहायचं नाही, असा घरात कायदा आहे.

फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी धडाधड उतरते. कॅमेरा बाहेरून आत आणताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, मग खोलीत आणा, आणि तासभर पिशवी उघडू नका. नाहीतर दव आत साचतं.

गोंडोला, म्हणजे गुलमर्गचा रोपवे, वाऱ्यात बंद राहतो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या डोंगरावर, जवळजवळ ३,९८० मीटरवर. तिकीट ऑनलाइन आणि ठरावीक तारखेचं असतं, तेव्हा ते वादळाच्या दिवसाचं न काढता दोन दिवस नंतरचं काढा. श्रीनगरहून एका दिवसात थेट एवढ्या उंचीवर गेल्यानं डोकं दुखतं, मळमळतं. तसं झालं की पुढच्याच डब्यानं खाली.

९. जिथे थांबायचंच

जोराच्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास हिमस्खलनाच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचे. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यात जास्त सुटतात, आणि दुर्दैवानं स्कीइंगला नेमके तेच आवडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले. त्यांना अनुभव नव्हता असं नाही. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते. ते जिल्हा प्रशासनाकडून जाहीर होतात, हॉटेलवाल्यांना ठाऊक असतात. गोंडोलाच्या वर आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. घोडेवाला 'शॉर्टकट' म्हणाला तर त्याला पैसे देऊन परत पाठवा.

गाडीत अडकलातच, तर हे पाठ असू द्या. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फ बघायला गेलेले वीसहून जास्त पर्यटक गाड्यांमध्ये मरण पावले. काही थंडीनं, काही इंजिन चालू ठेवून काचा बंद केल्यामुळे साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं. गाडीमागचा सायलेन्सर बर्फात बुजला की धूर आत येतो. म्हणून इंजिन तासातून दहा मिनिटंच, त्याआधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातानं काढायचा, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी. गाडी सोडून अंधारात चालत निघू नका.

शरीराचं थोडक्यात: थरथर थांबली, बोलणं अडखळायला लागलं, माणूस 'मला काही होत नाही' म्हणत झोपाळला, तर तो बरा होत नाहीये, बिघडतोय. आत आणा, ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड गरम प्यायला द्या. बोटं पांढरी, बधिर झाली तर बर्फानं चोळू नका, शेकोटीवर धरू नका. कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टर गाठा. दारूनं गरम वाटतं, पण अंगातली ऊब कातडीवाटे निघून जाते. हृदयविकार, दमा, वाढलेला रक्तदाब असलेल्यांनी नाशिकमध्येच आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

१०. परत

वादळ सरलं की आभाळ निळंशार होतं आणि सगळे एकाच सकाळी खाली उतरायला निघतात. तुम्ही निघू नका. पहिल्या दिवशी रस्त्यावरचा बर्फ दाबला जाऊन रात्री त्याची काच होते आणि दुसऱ्या पहाटे त्या काचेवरून गाड्या घसरतात. दुपारी, ऊन लागल्यावर, साखळीच्या गाडीनं तंगमर्गला उतरा आणि एक रात्र श्रीनगरला काढा. विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. इमारतीत शिरण्याच्या बऱ्याच आधी गेटवरच सामान उतरवून तपासतात आणि तिथे रांग लागते. आदल्या दिवशीची रद्द विमानं असतील तर ती गर्दीही त्याच रांगेत असते.

गेल्या खेपेला मी याच रांगेत उभा असताना भावाचा फोन आला. पहाटेचे पावणेपाच झाले होते आणि मागे पंपाचा आवाज येत होता. "झालं का तुझं बघून?" त्यानं विचारलं. "इथं साडेपाच अंश आहे. पुढच्या वेळी निघताना दोन दिवस आधी सांगत जा, मला काडीकचरा गोळा करायला बरं."